उजव्या मनगटावरचं घड्याळ

आमच्या सोसायटीतले रामटेके काका दोन घड्याळं वापरतात. डाव्या मनगटावर दिल्लीची वेळ आणि उजव्यावर युरोपची. मयूर विहारच्या या सोसायटीत आम्ही नवीन राहायला आलो होतो, तेव्हा एका सकाळी लिफ्टमध्ये मी त्यांना सहज वेळ विचारली. ते म्हणाले, "कुठली?" माझी ऐकण्यात चूक झाली असं वाटून मी पुन्हा विचारलं. तर त्यांनी स्वेटरच्या दोन्ही बाह्या वर सारल्या. "इथले साडेनऊ. तिकडे पहाटेचे पाच. तुम्हाला ऑफिसला जायचं असेल, तर इथले धरा."

त्या दिवसापासून हा माणूस काय आहे याचं मला जे कुतूहल लागलं, ते अजून सुटलेलं नाही.

काका मूळचे भंडाऱ्याचे. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात लागले, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये संसार केला आणि अंडर सेक्रेटरी होऊन निवृत्त झाले. भंडाऱ्याची बोली म्हणे त्यांनी त्या क्वार्टरमध्येच ठेवून दिली. आता बोलतात ती मराठी, हिंदी आणि फायलीतली इंग्रजी यांची मिसळ. काकू जाऊन काही वर्षं झाली. एकुलती एक मुलगी, करुणा, जर्मनीत लाइपझिगला संशोधन करते. नवरा तिकडचाच, योहान. काका चौथ्या मजल्यावर एकटे राहतात आणि आम्ही बरोबर त्यांच्या खाली, त्यामुळे त्यांचं बरंचसं आयुष्य मला छतातून ऐकू येतं.

नोकरीच्या शेवटी शेवटी काकांच्या टेबलावरून साहेबलोकांचे परदेश दौरे मंजूर होत. स्वतः काका नेपाळच्या पुढे गेले नाहीत, पण त्यांच्या पेनाशिवाय कोणाचं विमान उडालं नाही. प्रत्येक फाइलवर त्यांचा एकच प्रश्न असे: "इन्व्हिटेशन आहे?" यजमानांचं रीतसर, तारखेसकट बोलावणं नसेल, तर साहेब कितीही मोठा असो, फाइल परत.

निवृत्तीनंतर फायली गेल्या, प्रश्न राहिला. सुरुवातीला मी त्यांना जिन्यात भेटले की म्हणायची, "काका, या ना जेवायला कधीही." ते हसून मान डोलवायचे आणि यायचे नाहीत. शेवटी एकदा मी रागावलेच. तेव्हा त्यांनी शांतपणे समजावलं, "नीलिमा, कधीही या म्हणजे कधीच येऊ नका. माणूस तोंडदेखलं म्हणतो ते. वार सांग, वेळ सांग, मेन्यू सांग." मग मी म्हटलं, "गुरुवारी, साडेसातला, पिठलं-भाकरी." गुरुवारी साडेसातला बेल वाजली. तेव्हापासून आमच्या घरात काकांचं आमंत्रण असंच जातं, माझा नवरा त्याला टेंडर म्हणतो.

पण काकांची खरी ख्याती आहे ती युरोपची. दर नोव्हेंबरला दिल्लीच्या हवेत धूर भरला, आणि पार्कातल्या बायकांच्या बोलण्यात खोकल्याची औषधं आली, की काका जाहीर करतात, "यंदा शॉर्ट विंटर ब्रेक. चार दिवस. एकच शहर. प्रकरण विचाराधीन आहे." हे मी आल्यापासून ऐकते आहे. आजवर एकाही शहराला अंतिम मंजुरी मिळालेली नाही.

कारण काका पुस्तकं वाचून शहर ठरवत नाहीत. ते शहर आधी घरी वापरून बघतात. व्हिएन्नाच्या वर्षी त्यांना कळलं, की तिथे लोक एका कॉफीवर दोन-दोन तास बसतात. हे आपल्याला जमेल का, हे बघायला ते (रीतसर वेळ घेऊन) आमच्याकडे आले. एक कप कॉफी मागितली, खुर्चीत ताठ बसले आणि घोट घोट घेत खिडकीबाहेर बघू लागले. पंधरा मिनिटांत कॉफी गार झाली, अर्ध्या तासात काकांना डुलकी लागली. जागे झाल्यावर म्हणाले, "कामाशिवाय बसणं अवघड आहे. व्हिएन्ना पेंडिंग."

बुडापेस्टच्या वर्षी तर कहर झाला. तिथे म्हणे भर हिवाळ्यात उघड्यावर गरम पाण्याच्या कुंडात डुंबतात. काकांनी बाल्कनीत प्लास्टिकचा मोठा टब ठेवला, गीझरचं पाणी बादल्यांनी आणून ओतलं आणि धुक्यात डोक्याला मफलर गुंडाळून त्यात जाऊन बसले. समोरच्या ब्लॉकमधल्या भाटिया आंटी किंचाळल्या, "भाईसाहब, सब ठीक तो है?" काका टबातूनच म्हणाले, "बिल्कुल ठीक! बुडापेस्ट में हूँ!" पाणी माझ्या बाल्कनीत गळत होतं. पुढचे आठ-दहा दिवस छतातून फक्त शिंका ऐकू येत होत्या. बुडापेस्ट नामंजूर.

प्रागच्या दगडी रस्त्यांवर आपले गुडघे टिकतील का, याची परीक्षा त्यांनी सोसायटीपासून मेट्रो स्टेशनपर्यंतच्या फूटपाथवर घेतली. उखडलेल्या लाद्या, मधेच खड्डा, खड्ड्यात झोपलेलं कुत्रं. परत आले ते विजयी मुद्रेनं. "यापेक्षा प्राग काय वाईट असणार, यार? दगड पास!"

भाटिया आंटी दर वर्षी म्हणतात, "स्विट्ज़रलैंड जाओ न, भाईसाहब, सब वहीं जाते हैं।" काकांचं उत्तर ठरलेलं: "सब जा रहे हैं तो मेरी क्या ज़रूरत?" लिस्बन आणि अथेन्स मात्र त्यांनी चाचणीशिवायच काढून टाकली. मी कारण विचारलं, तर म्हणाले, "एकीकडे घड्याळ तासभर मागे, दुसरीकडे तासभर पुढे. तो एक तास कोण सांभाळणार?" जो माणूस बाल्कनीत बुडापेस्ट उभं करतो त्याला एक तास जड का व्हावा, हे मला कळलं नाही. मी ते विक्षिप्तपणाच्या खात्यात टाकलं.

एकदा मात्र मी सरळ विचारलं होतं, "काका, एवढी शहरं शोधता, मग करुणाकडेच का जात नाही?" त्यांनी उजव्या मनगटाकडे पाहिलं आणि म्हणाले, "तो वेगळा विषय आहे." आवाज असा होता, की मी पुढे विचारलं नाही.

यंदा प्रागची फाइल पुन्हा उघडली, आणि चमत्कार म्हणजे मंजूरही झाली. हॉटेलचं ऑनलाइन बुकिंग करून द्यायला काकांनी मला रविवारी संध्याकाळी साडेपाचला बोलावलं, मेन्यू चहा आणि तिळगुळाची गजक. मी लॅपटॉप उघडते आहे तोच करुणाचा व्हिडिओ कॉल आला. दर रविवारी येतो. काकांनी फोन चहाच्या कपाला टेकवून उभा केला, केसांवरून हात फिरवला आणि अगदी सहज, म्हणजे फारच सहज, म्हणाले, "अगं, जानेवारीत चार दिवस प्रागला येतोय."

"अरे वा! मस्त, बाबा!"

"हो. तिथून... तुझं गाव जवळच आहे म्हणतात."

"हो ना, ट्रेननं तीनेक तास. वाटलं तर या ना इकडे. घर आपलंच आहे. केव्हाही या."

मी काकांकडे पाहिलं. चेहऱ्यावर तेच हसू होतं, जिन्यातलं. त्यांनी मान डोलवली, गोळ्या घेतल्याचं सांगितलं, योहानला नमस्ते म्हणाले. कॉल संपला. मग लॅपटॉपचं झाकण त्यांनीच हलकेच मिटलं.

"प्राग रद्द."

"आता काय झालं?"

"दगड फार आहेत."

"दगड पास झाले होते, काका."

ते उजव्या मनगटाकडे बघत स्वतःशीच म्हणाले, "एक वाजला. जेवायला बसली असेल आता."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. व्हिएन्ना, बुडापेस्ट, प्राग, सगळीकडे एकच वेळ. करुणाच्या गावाची. शहरं बदलत होती, ते घड्याळ कधीच बदललं नव्हतं. तिचे साडेसात वाजले की ती ट्राममध्ये, एक वाजला की जेवायला, हे हा माणूस मनगटावर घालून दिल्लीत फिरत होता. आणि दर हिवाळ्यात तिच्या आसपासचं एखादं शहर शोधत होता, की आपण तिथवर पोहोचावं आणि पोरीनं म्हणावं, बाबा, अमुक दिवशी या. मला त्यांची दया आली आणि रागही आला.

घरी येऊन मी करुणाला फोन लावला. काकांच्या गोळ्यांची चौकशी करायला ती मला अधूनमधून फोन करते, त्यामुळे नंबर होता. मी विषय काढायचा अवकाश, तीच उसळली.

"नीलिमाताई, तुम्हीच सांगा, माझं काय चुकलं? बाबांना सगळा युरोप बघायचाय, फक्त माझं घर नाही. योहान दर वर्षी विचारतो, तुझे बाबा माझ्यावर नाराज आहेत का? मी काय सांगू त्याला?"

"अगं, तू त्यांना तारीख दे."

"कसली तारीख?"

"या म्हण अमक्या वारी, अमक्या वाजता. जेवायला काय करशील तेही सांग."

"तो त्यांचा रूल मला माहितेय, ताई. पण तो बाहेरच्यांसाठी ना! स्वतःच्या बाबांना मी तारीख देऊ? पाहुण्यासारखी? त्यांना किती वाईट वाटेल!"

बापाला वाटत होतं, पोरगी तोंडदेखलं म्हणते. पोरीला वाटत होतं, तारीख दिली तर बाप परका होईल. दोघंही एकमेकांना जपत होते आणि मधे इतके हिवाळे फुकट गेले होते. मी म्हटलं, "करुणा, माझं ऐक. वाईट वाटलं तर माझ्या नावावर टाक."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबे भरत होते. बेल वाजली. दार उघडलं तर रामटेके काका. पायजम्यावर ओव्हरकोट, पायात दोन वेगवेगळ्या चपला. इतक्या वर्षांत हा माणूस आमच्या दारात बोलावल्याशिवाय पहिल्यांदाच उभा होता. त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. करुणानं लिहिलं होतं: "बाबा, जानेवारीच्या दुसऱ्या शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता आमच्या घरी या. वांग्याचं भरीत आणि भाकरी. भाकरी योहान थापणार आहे, सांभाळून घ्या. मुक्काम व्हिसा संपेपर्यंत."

"अरे वा, काका! पण लाइपझिगची चाचणी व्हायची आहे ना अजून?" मी मुद्दाम चिडवलं. "थंडी, जिने, सगळं बघायला नको?"

"दुसरा मजला, लिफ्ट नाही, जिन्याला उजवीकडे कठडा आहे," काका म्हणाले. "खाली बेकरी. ट्राम कोपऱ्यावरच थांबते. जानेवारीत सूर्य चारच्या सुमारास कलतो, तेव्हा ती परतताना अंधार असतो. पण रस्त्यावर दिवे चांगले आहेत."

"हे कधी पाहिलंत?"

"ती तिथे राहायला गेली, त्याच आठवड्यात. नकाशावर. जिना तिच्या व्हिडिओ कॉलमध्ये."

मग त्यांना एकदम भान आलं. त्यांनी आमच्या दाराकडे, माझ्या हातातल्या पोळीकडे, आपल्या चपलांकडे पाहिलं. "सॉरी हं, नीलिमा. न विचारता आलो."

"बसा, काका. चहा टाकते."

ते बसले. फोन पुन्हा डोळ्यांजवळ नेऊन वाचला, आणि आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये ठेवून दिलेली बोली इतक्या वर्षांनी माझ्या स्वयंपाकघरात ऐकू आली.

"पोरीनं बोलावलं मले," ते म्हणाले.