जावयाची डीव्हीडी आणि सासूबाईंचा डोळा

वीस वर्षं वायुदलात रडार सांभाळलेल्या माणसाला एक डीव्हीडी बनवता येणार नाही? छे! मी बायकोला, देविकाला, ठणकावून सांगितलं, ‘‘क्वालिटी तसूभरही घसरणार नाही.’’

निमित्त होतं सासूबाईंचं. द्रौपदीबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी साताऱ्याहून लखनौला, आमच्या वृंदावन योजना वसाहतीतल्या घरी आल्या होत्या. आमच्या लेकीच्या, पायलच्या, बारशाची कॅसेट माझ्या जुन्या हँडीकॅमसोबत कपाटात होती. तीत आमचे सासरे, शामराव, नातीला मांडीवर घेऊन गात होते. ते जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांचं हलतं-बोलतं असं एवढंच उरलं होतं.

‘‘पट्टी निघाली की पहिलं यांना बघायचंय,’’ सासूबाई म्हणाल्या. गावी त्यांच्याकडे डीव्हीडी प्लेयर होता, म्हणून डीव्हीडी.

पहिली झकास निघाली. देविका म्हणाली, ‘‘मावशी बुंदी खाते ती क्लिप काढून टाका.’’ काढली. पायल म्हणाली, ‘‘पापा, टाइटल तो डालो यार.’’ टाकलं. मग सनई हवी. मग सनई नको. दर वेळी मूळ कॅसेट कोण लावत बसणार? मी आधीचीच डीव्हीडी उघडून काटछाट करायचो आणि त्यावरून नवी बर्न करायचो. त्याच पत्तीचा पाचव्यांदा चहा! शिवाय त्याच डिस्कवर माझ्या निरोप समारंभाची अडीच तासांची भाषणंही दाबून कोंबली. शेवटची डीव्हीडी लावून बघायची गरज मला वाटली नाही.

पट्टी निघाली. पायल कॉलेजात, देविका स्वयंपाकघरात. मी ऐटीत रिमोट दाबला. टीव्हीवर शामराव आले. म्हणजे ठोकळे आले, आणि त्यातल्या एकाला टोपी होती.

मी घाईघाईने टीव्ही बंद केला. देविका हात पुसत बाहेर आली, तशी सासूबाई तिला हळूच म्हणाल्या, ‘‘देविका, ऑपरेशन वाया गेलं गं. मला हे चौकोनी दिसतायत.’’

जावयाच्या हातून काही बिघडू शकतं, हे त्यांच्या मनातही येईना. एकदा माझा खारट रस्सा त्या दोन वाट्या प्यायल्या होत्या. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण ते ‘तसूभरही’ आडवं आलं.

देविकाने रडत रिक्षा बोलावली. महानगर मोहल्ल्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तक्ता वाचून घेतला. सासूबाईंनी शेवटची ओळसुद्धा घडाघडा वाचली.

‘‘माताजी, आँख तो एकदम साफ़ है.’’

‘‘अहो, पण आमचे मालक चौकोनी दिसतात!’’

देविकाने हिंदी करून सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. ‘‘सिर्फ़ पति? अच्छा. फिर दिमाग़ का स्कैन करा लेते हैं.’’

सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला. आता मात्र मला राहवेना.

‘‘मैडम, स्कैन रहने दीजिए,’’ मी म्हणालो. ‘‘डीव्हीडी मैंने बनाई है.’’

देविकाने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती रडारवरही सहज दिसली असती.

घरी येऊन मी मूळ कॅसेट हँडीकॅमात घातली आणि त्याचा अडीच इंची पडदा उघडला. शामराव स्वच्छ दिसले, पायलला थोपटत गात होते. सासूबाई वाकून बघत राहिल्या.

‘‘अगं बाई, बटण उघडंच राहिलंय यांचं,’’ त्या हसल्या, आणि मग रडल्या.

गावी निघताना त्यांनी मला जवळ बोलावलं. ‘‘जावईबापू, तुमच्याइतकं हुशार आमच्यात कोणी नाही. पण ही कॅसेट आता माझ्या पिशवीत राहू द्या.’’

राहू दिली. हँडीकॅमसकट.