चिंचपाड्याचा एकुलता एक पालक

लहान मूल आणि लहान मुलाची माहिती या दोहोंत माहिती जास्त नाजूक असते. मूल पडलं तर गुडघा झाडून आपलं आपण उठतं; माहिती सांडली तर तिच्यामागे चौकशी समिती उठते. म्हणून शहाणा समाज आधी माहितीला कुलूप लावतो आणि वेळ उरलाच तर मुलांकडे वळतो.

तलासरीच्या पूर्वेला डोंगराच्या अंगाला अशीच एक शहाणी निवासी शाळा आहे. (शाळेचं नाव गोपनीयतेच्या कारणास्तव देता येत नाही. हमरस्ता सोडून आत वळलं की मारुतीच्या देवळानंतरचं निळं फाटक.) विद्यार्थ्यांचं नाव, फोटो, पत्ता यांतलं काहीही परक्याच्या हाती लागता कामा नये, असं परिपत्रक या शाळेत आलं. हेडसरांनी ते उभं राहून वाचलं आणि दक्षाबाईंना ‘बालसुरक्षा व माहिती-गोपनीयता समन्वयक’ नेमून टाकलं. दक्षाबाई मूळच्या धाकट्या डहाणूच्या. तिसरीला गणित शिकवायच्या, आणि वर्ग हसला की त्यांनाही हसू आवरायचं नाही. समन्वयक झाल्यापासून हसण्याचा तास वेळापत्रकातून गेला.

कामं मात्र झपाट्यानं झाली. नावानं हजेरी घेणं बंद झालं, कारण नाव खिडकीतून बाहेर जातं. भिंतीवरच्या वाढदिवसांवर कागद चिकटवले. मैदानात ‘बारकी, चेंडू आण’ असं न म्हणता ‘विद्यार्थिनी, चेंडू आण’ म्हणायचं ठरलं, तेव्हा शाळेतल्या यच्चयावत मुली चेंडूवर धावून गेल्या आणि चेंडू फुटला. (चेंडूची माहिती सुरक्षित आहे.)

इतकी गोपनीयता पाळली जाते याचा पुरावा साहजिकच वरून मागण्यात आला. पुरावा म्हणजे प्रत्येक मुलाचा हसरा फोटो, त्याखाली नाव, पाडा, आईबापांची नावं आणि ‘माझी माहिती सुरक्षित आहे’ हे वाक्य. हा पुरावा शाळेच्या ग्रुपवर गेला, तिथून तालुक्याच्या, आणि तिथून हेडसरांच्या साडूच्या. हेडसरांना इतका अभिमान वाटला की त्यांनी त्याचा भलामोठा फ्लेक्स करून नाक्यावर टांगला. घोलवडकडे जाणाऱ्या चिकूच्या गाड्या तिथे थांबून तो वाचू लागल्या. (एका घाईच्या पाहणीनुसार नाक्यावरच्या सत्त्याण्णव टक्के लोकांना आता मुलं नावानिशी ठाऊक आहेत. उरलेले तीन टक्के फक्त गुजराती वाचतात. त्यांच्यासाठी वेगळा फ्लेक्स विचाराधीन आहे.)

मग राहिलं सणासुदीला, सुट्टीला मुलांना घरी सोडणं. आजवर पाड्यातलं कुणीही यायचं, मामा, आत्या, नाहीतर नुसता शेजारी, आणि आपल्या पोराबरोबर वाटेवरची चार पोरं घेऊन जायचं. ही पद्धत फारच धोक्याची होती, कारण तिच्यात माणसं चेहऱ्यावरून ओळखली जात. नव्या पद्धतीत पालकानं फाटकावर यायचं, नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी जायचा, तो सांगितला की ॲप मूल सोडणार.

आता वर डोंगरावरच्या चिंचपाड्याची एक रीत आहे. तिथे मोबाइल घरोघरी आहेत, पण रेंज कुठल्याच घरी नाही. पाड्यावरचा लडक्या रोज पिकअप घेऊन खाली चिकू भरायला उतरतो, त्याच्याबरोबर त्याचा फोनही रेंजमध्ये उतरतो. म्हणून गॅस असो, बँक असो की लसीकरण, कुणीही नंबर विचारला की सगळा पाडा बिनदिक्कत लडक्याचा नंबर सांगतो. शाळाप्रवेशातही तेच झालं. ॲपच्या लेखी चिंचपाड्याच्या झाडून सगळ्या मुलांना एकच पालक होता, आणि त्या पालकाचं अजून लग्न व्हायचं होतं.

ते त्याच आठवड्यात निघालं.

लग्नाच्या सकाळी लडक्याची थोरली बहीण भिकी नवं लुगडं नेसून फाटकावर आली. तिची बारकी या लग्नातली करवली. करवलीवाचून नवरदेव पाटावर बसत नाही, ही चिंचपाड्याची दुसरी रीत. आईला पाहताच बारकी वर्गाच्या खिडकीला लोंबकळून ‘आये’ म्हणून ओरडली. मुलीनं आईला ओळखलं, हे भरायला ॲपमध्ये रकाना नव्हता.

“माझी बारकी द्या, बाई. मामाचं लगीन हाय तिच्या.”

“नाव घेऊ नका,” दक्षाबाई म्हणाल्या. “तुम्ही तिच्या कोण?”

गेल्या पावसाळ्यात याच बाईंच्या ओंजळीत भिकीनं परसातल्या काकड्या ओतल्या होत्या.

“आयस,” ती म्हणाली. “सकाळधरनं तरी तीच हाय.”

दक्षाबाईंना लाज वाटली. नुसती नाही, कानाच्या पाळ्या तापेपर्यंत वाटली. तरी त्यांनी ओटीपी पाठवला, तो लडक्याच्या नंबरवर गेला, आणि डोंगरापाशी जाऊन अडकला.

“तो नाय यायचा,” भिकी म्हणाली. “हळद लागलीय त्याला. हळदीचा नवरा मांडव सोडत नसतो.”

“आणि ओटीपीशिवाय मी मूल सोडू शकत नाही.”

“मंग मांडवालाच घेऊन येते,” भिकी म्हणाली आणि तरातरा निघून गेली.

बाईंना वाटलं, रागानं म्हणाली. पण चिंचपाड्याला रागानं बोलायची सवय नाही. दुपारच्या सुमारास बँजोचा आवाज डोंगर उतरू लागला. पुढे नाचणारे, मागे लडक्याची पिकअप, तिच्यात नखशिखांत पिवळाधमक नवरदेव, आणि त्याच्या डोक्यावर चार बांबूंनी ताणलेला मांडव. मांडवाला छत हवं म्हणून पाड्यानं नाक्यावरचा फ्लेक्स आणला होता. त्यावरून शाळेची सगळी मुलं आपली माहिती सुरक्षित असल्याचं सांगत वरातीकडे बघून हसत होती.

फाटकाशी येताच लडक्याच्या फोनला रेंज आली. त्यानं हळदीच्या हातानं स्क्रीन पुसली, ती आणखी पिवळी झाली, मग भिकीनं पदरानं पुसली, आणि नवरदेवानं खणखणीत आवाजात ओटीपी वाचला. शेजारच्या बँजोवाल्यानं तो दोनदा ध्वनिक्षेपकावर सांगितला. ॲप प्रसन्न झालं. ‘पालक पडताळणी यशस्वी. सर्व पाल्य सोडावेत काय?’ खाली दोन बटणं होती, ‘होय’ आणि ‘होय’.

दक्षाबाईंनी खिडकीत लोंबकळणाऱ्या बारकीकडे पाहिलं. मग त्यांनी ‘होय’ दाबलं, मनाचं समाधान म्हणून दुसरं ‘होय’ही दाबलं, आणि मांडवाच्या छताकडे मान वर करून चिंचपाड्याचं एकेक नाव पोटातून ओरडून वाचायला सुरुवात केली. बारकी, मिथुन, वर्षा, काळ्या. नाव घेतलं की मूल पळत येई आणि पिकअपमध्ये चढे. कितीतरी दिवसांनी बाई हसल्या, इतक्या की अर्धी नावं वरातीनंच पुरी केली. शेवटी नवरदेव पोरांच्या खाली कुठे गेला ते शोधावं लागलं.

हेडसरांनी संध्याकाळी अहवाल धाडला: ‘पाल्य शंभर टक्के अधिकृत पालकाच्या ताब्यात. पालक अविवाहित, विवाह प्रगतिपथावर.’ अहवालाचं कौतुक झालं, आणि तो तालुक्याच्या ग्रुपवर नमुना म्हणून फिरला.

प्रकरण अत्यंत गोपनीय असल्यानं ते इथे फक्त तुम्हालाच सांगितलं आहे. मुलीचं नाव बारकी. पाडा चिंचपाडा. आई भिकी. सगळ्यांचा ओटीपी मामाच्या फोनवर येतो आणि मामा चिकू भरायला गेलेला असतो. फाटक निळं, मारुतीच्या देवळानंतर. हे सगळं तुम्ही मजेत वाचलंत, आता एखाद्या ग्रुपवर पुढे पाठवालही. भिकीला फाटकावर थांबवून जे विचारलं, ते तुम्हाला इथवर कुणीच विचारलेलं नाही.

तुम्ही तिचे कोण?