चिंचेत बुडालेली टॉर्च

मी रागीट नाही. आधीच सांगतो, कारण पुढं मी बराच ओरडणार आहे!

वाळूजच्या कंपनीत मी वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांचे सुटे भाग डिझाइन करतोय. एकावरही माझं नाव नाही! म्हणून ठरवलं, एक तरी वस्तू अशी काढायची की जिच्यावर ‘देवेश’ असं झळकेल. करंगळीएवढी टॉर्च! उजेड तीन प्रकारचा: मंद, मध्यम आणि लख्ख. अंग तांब्याचं, पण चकचकीत नाही हं, जुन्या नाण्यासारखं काळपट. आणि त्या काळ्या थरातच हलकेच उमटवलेलं माझं नाव!

छावणीतल्या गयासभाईंनी लेथवर दोन नग काढून दिले, पण कुरकुरत.

“साब, नवी चीज पुरानी कायको करनी? लोगां बोलेंगे, सेकंड हँड दिये!”

“तुम्हाला डिझाइन कळत नाही,” मी म्हणालो.

एक नग त्यांच्याकडे ठेवला, एक घरी आणला. शुक्रवारी फर्दापूरचे राजकुमार शेठ नमुना बघायला गारखेड्याला आमच्या घरी येणार होते. लेणी बघायला येणाऱ्यांसाठी त्यांचं मोठं दुकान आहे. त्यांनी पसंत केली की माझं नाव थेट काउंटरवर!

शुक्रवारी सकाळी टेबलावर टॉर्च नाही! सगळं घर पालथं घातलं. सापडली मोरीत. देवाचा तांब्या, पळी, ताम्हण आणि त्यांच्या पंगतीला लखलखणारी माझी टॉर्च! काळपटपणा गेला, नाव गेलं, सगळं गेलं!

“आई!!”

“ओरडू नकोस. उद्या चतुर्थी, देवाची भांडी घासायला काढली होती.”

“अगं, बॅटरी आहे ती!”

“दिसतंय मला. बॅटरी म्हणून काय काळीकुट्ट ठेवायची? येणारा पाहुणा म्हणेल, या घरात चिंच मिळत नाही का!”

“तो काळेपणा मी मुद्दाम केला होता!”

पोळी मुद्दाम करपवली म्हटल्यावर जसं बघेल, तसं आईनं माझ्याकडे बघितलं.

मी दार आपटलं, गाडी काढली आणि वाटेतल्या प्रत्येक सिग्नलला शिव्या घालत छावणी गाठली.

“गयासभाई, दुसरा नग द्या! लवकर!”

गयासभाईंनी मान खाली घातली. आतून जैतुनबी भाभी हसत बाहेर आल्या. हातात दुसरी टॉर्च. आरशासारखी!

“तुमारी अम्मी अब्बीच फोन करे थे. बोले, तुमारे पास की भी काली हुई होगी, इमली-नमक लगाव. देखो, क्या मस्त निकली!”

मी गयासभाईंवर ओरडलो, गयासभाई भाभींवर ओरडले, भाभी आम्हा दोघांवर ओरडल्या. भाभी जिंकल्या.

घरी परतलो तर राजकुमार शेठ सोफ्यावर बसलेले! एका हातात चहा, दुसऱ्या हातात टॉर्च.

“लई भारी चमकतंय हे! लोक दिवसभर जुनंच बघून येत्यात. घरी न्यायला चकचकीतच पायजे. कशानं केली अशी?”

“चिंचेनं,” आई म्हणाली.

“मग ठरलं! अश्शाच द्या. पर वर एक नाव कोरा...”

माझी छाती फुगली.

“...दमयंती! आईसाहेबांचं!”

आई लाजली. मी दातओठ खात चहा प्यायलो.

दुकानात टॉर्च आल्या आणि थोड्याच दिवसांत हवेनं काळवंडल्या. अगदी मला हव्या होत्या तश्शा! शेठनी सगळ्या परत पाठवल्या: काळ्या पडल्या, घासून द्या.

आता दर रविवारी मी मोरीत बसून चिंच चोळतो. माझा राग अजून गेलेला नाही! आई स्टुलावर बसून एकेक नग तपासते. माझ्याच टॉर्चच्या उजेडात. लख्खवर ठेवून.

“देवेश, इथं काळं राहिलंय!”