ऑर्तांसला पोय आली

बुधवारी सकाळी माळी तेओफिल शिडीवर चढला तो वाळलेली झावळी कापायला. उतरला तेव्हा त्याचा चेहरा त्या झावळीसारखा झाला होता.

ऑर्तांसला पोय आली होती, माडाचा पहिला फुलोरा. बत्तीस वर्षं तो जिची वाट पाहत होता ती आली होती आणि ती नराची होती.

प्रालँ बेटावर दर्याच्या नारळाचा माड लावणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट ठाऊक असते. माड नर की मादी हे पोय येईपर्यंत कळत नाही आणि पोय यायला पंचवीस-तीस वर्षं लागतात. त्यामुळे शहाणी माणसं माडाचं बारसं करत नाहीत. पण मस्ये गास्तों शहाणे नव्हते, प्रेमळ होते. बायकोच्या, म्हणजे मादाम ऑर्तांसच्या, पन्नासाव्या वाढदिवसाला त्यांनी डोंगरापलीकडून वीस किलोचा नारळ हातगाडीवर घालून आणला. शेजारच्या माहे बेटावरून शिडाच्या गलबतानं आलेल्या सगळ्या पाहुण्यांसमोर त्यांनी तो टेबलावर ठेवला.

या नारळाचा आकार कसा असतो ते बेटावर कोणी सांगत बसत नाही. पाठमोरी उभी बाई कमरेपासून मांड्यांपर्यंत जशी दिसते, तसा तो दिसतो. मस्ये नारळावर थाप मारून म्हणाले, "ही बघा माझी ऑर्तांस! हुबेहूब!"

पाहुणे हसले. मादाम हसल्या नाहीत. नारळ पायऱ्यांसमोर पुरला गेला आणि माडाला नाव पडलं ऑर्तांस. नऊ वर्षांनी मस्ये अंथरुणाला खिळले, तेव्हा तेओफिलचा हात धरून म्हणाले, "पहिला नारळ तिच्या हातात तू ठेवायचास. मला कबूल कर." तेओफिलनं कबूल केलं. करताना त्याला घाम फुटला होता, पण तो उकाड्याचा असेल असं मस्येंना वाटलं.

आता मादाम ब्याऐंशीच्या होणार होत्या. रोज संध्याकाळी गवती चहाचा पेला घेऊन त्या वेताच्या खुर्चीत माडाखाली बसत आणि माडाशी बोलत. बाईजवळ बाईनं मन मोकळं करावं, तसं. विषय बहुतेक वेळा मस्ये गास्तोंच असत. येत्या रविवारी मादामचा वाढदिवस होता. फादर ओक्ताव माडाला आशीर्वाद द्यायला येणार होते आणि 'ऑर्तांस' अशी पितळी पाटी माडापाशी बसायची होती.

नरमाडाची पोय हातभर लांब, मनगटाएवढी जाड असते आणि ती ज्या रीतीनं पुढे येते, त्या रीतीबद्दल बेटावरच्या बायका बोलत नाहीत, नुसत्या एकमेकींकडे बघतात. तेओफिलनं दोरीवरचा उशीचा अभ्रा ओढला, वर जाऊन पोयीला घातला आणि सुतळीनं बांधला. अभ्र्यावर 'गोड झोप लागो' असं भरतकाम होतं.

स्वयंपाकीण झेर्मेन दारात उभी होती. "अरे ए म्हाताऱ्या, माझा अभ्रा तिकडे काय करतोय?"

"गांधीलमाश्या आहेत."

"मग त्यांना काय झोपवतोयस?"

"हळू बोल ना. गंमत आहे, रविवारची. मादामना सांगू नकोस."

झेर्मेननं वर पाहिलं. अभ्र्यात काहीतरी भरदार होतं. तिच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. "नारळ धरला! तेओफिल, नारळ धरला आणि तू लपवतोयस!"

नाही म्हणावं, तर मग काय आहे ते सांगावं लागलं असतं. तेओफिल गप्प बसला. ती त्याची दुसरी चूक. पहिली फार जुनी होती.

झेर्मेननं मादामना सांगितलं नाही. तिनं फक्त पाववाल्याला सांगितलं. दुपारपर्यंत शेजारच्या मादाम क्लोतील भिंतीशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या बागेतही एक माड होता, कोणी न लावता आपोआप उगवलेला. "देवानं लावलाय," असं त्या म्हणत. तो मादी होता. सहा वर्षं फुलत होता, पण खाडीच्या या बाजूला नर नसल्यानं एकही नारळ धरत नव्हता.

"ऑर्तांस," मादाम क्लोतील म्हणाल्या, "तुझीला फूल दिसायच्या आधी फळ लागलं म्हणे! गावात चर्चा आहे."

मादाम खुर्चीतून उठल्या. त्यांनी वर अभ्र्याकडे पाहिलं, मग तेओफिलकडे. "नारळ आहे का रे त्यात?"

तेओफिलला बोलायचं होतं. पण मादामचा हात आपोआप वर, अभ्र्याकडे गेला होता. गेल्या कित्येक वर्षांत त्या हाताला तेवढी घाई त्यानं पाहिली नव्हती. "रविवारी बघा ना, मादाम," तो म्हणाला.

"गास्तों म्हणायचे," मादाम हळूच म्हणाल्या, "ही तुला नारळ देईल तेव्हा मी नसेन, पण तू मला शिव्या द्यायची थांबशील."

शुक्रवारी तेओफिलनं अभ्रा काढून पोय कापायचं ठरवलं. पण शिडीजवळ झेर्मेन खुर्ची टाकून भाजी निवडत बसली होती, पहिल्या नारळाच्या राखणीला. शनिवारी त्यानं आजारी पडायचं ठरवलं. झेर्मेननं त्याला कढत सूप पाजलं, वर तीन पांघरुणं घातली आणि तो तासाभरात घामानं निथळत बरा झाला.

रविवारी माहेची नातवंडं बोटीनं आली. ऑक्टोपसचा रस्सा शिजत होता, नारळाच्या दुधात केळी शिजत होती. माडाशी पितळी पाटी रुमालाखाली झाकलेली होती आणि रुमालाला लांब निळी फीत होती. पण मादामनी सकाळीच झेर्मेनला सांगून फीत तिथून सोडवून अभ्र्याच्या सुतळीला बांधून घेतली होती.

"पाटी काय, कधीही बघता येते," त्या म्हणाल्या.

फादर ओक्तावनी प्रार्थना म्हटली. "हे प्रभू, या सुशील वृक्षाप्रमाणे आमच्या ऑर्तांसबाईंची शालीनता..." मादाम क्लोतील मान उंच करून पहिल्या रांगेत उभ्या. मादामनी फीत ओढली.

'गोड झोप लागो' फादरच्या डोक्यावर पडलं.

वाऱ्यावर पोय डुलली. एक हिरवी पाल तिच्यावर निवांत चढून मध चाटू लागली. एका नातवानं विचारलं, "आजी, हे शालीन आहे का?" आणि त्याच्या आईनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. फादरनी तीर्थाचं भांडं उचललं होतं. आता ते शिंपडायचं कुठे, याचा ते विचार करत होते.

तेओफिलनं डोळे मिटले. मादामच्या तोंडून आवाज आला, तो त्याला रडण्याचा वाटला. डोळे उघडून पाहिलं तर त्या खुर्चीचा हात धरून हसत होत्या. इतक्या की झेर्मेननं पाणी आणलं.

"जेवून घ्या सगळे," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "रस्सा निवेल. तेओफिल, तू थांब."

माणसं गेल्यावर तेओफिलनं टोपी काढली. "मादाम, दोष माझा आहे. मस्येंचा नारळ दोन वर्षं उगवेना. मी उकरून बघितलं, तर खड्ड्यात नारळच नाही! मला वाटलं चोरीला गेला आणि राखण माझी. मग काकाच्या परसातला दुसरा आणून गुपचूप पुरला. हा तो आहे. मस्येंचा नाही."

"चोरीला कसला?" मादाम म्हणाल्या. "मीच काढला."

"तुम्ही?"

"सगळ्यांसमोर हुबेहूब म्हणतो मला! दुसऱ्या दिवशी तुम्ही सगळे दुपारी झोपलात, तेव्हा हातगाडीत घातला आणि भिंतीशी कचऱ्याच्या खड्ड्यात गाडला. पुढे राग गेला, पण मग सांगायची लाज वाटायला लागली. तेवढ्यात इथे कोंब आला. मला वाटलं, चमत्कार झाला. मी गुपचूप मेणबत्ती लावली देवळात."

दोघांनीही एकदमच भिंतीकडे पाहिलं. दर्याच्या नारळाचा कोंब सरळ वर येत नाही. आधी जमिनीखालून चार-पाच पावलं चालत जातो आणि मनाला येईल तिथे डोकं काढतो. भिंतीपलीकडे चार-पाच पावलांवर देवानं लावलेला माड उभा होता.

"म्हणजे ऑर्तांस ती," तेओफिल म्हणाला.

"क्लोतीलच्या बागेत बत्तीस वर्षं!" मादाम म्हणाल्या. "आणि मी तिला नावं ठेवते, वांझोटी म्हणून."

तेओफिलनं शिडी लावली. पोयीचा एक फुलोरा तोडून तो भिंतीपलीकडे गेला आणि तिकडच्या फुलांना नीट लावून आला. मादाम क्लोतीलनी हरकत घेतली नाही. पलीकडून त्या एवढंच म्हणाल्या, "लग्नाचं जेवण मला हवं."

"पिकायला सात वर्षं लागतील, मादाम," तेओफिल खाली येऊन म्हणाला. "मग मी तुमच्या हातात ठेवतो. कबूल केलंय."

"एकोणनव्वद काही फार नाही. पण मग तू पंच्याहत्तरचा होशील. शिडीवर जपून चढ."

संध्याकाळी पाहुणे बोटीकडे निघाले. मादाम गवती चहाचा पेला घेऊन खुर्चीत बसल्या, सवयीनं माडाकडे तोंड करून. बोलायला तोंड उघडलं आणि थांबल्या. मग मान वर करून त्यांनी पोयीकडे पाहिलं.

"म्हणजे इतकी वर्षं तुम्हीच ऐकत होतात होय?"

झावळी सळसळली. मादामनी खुर्ची जरा पुढे ओढली.

"बरंच झालं. तुमच्या घोरण्यापर्यंत आले होते मी. आता पुढचं ऐका."