सहाच्या आत आजारी

भोर-वेल्ह्याच्या डोंगरात एक सरकारी रुग्णालय आहे. तिथे खाटा तीस, तिसांवरही आजारी माणसं, आणि परिचारिका एकच, फौजिया सिस्टर. एके दिवशी वरून नियम आला, की एका परिचारिकेकडे सहापेक्षा जास्त रुग्ण नसावेत. नियम इतका चांगला होता की कार्यालयप्रमुख आनंदरावांनी तो दोनदा वाचला आणि आणखी चार परिचारिका मागितल्या. "भरती बंद आहे. अंमलबजावणी तातडीने करावी," असं उत्तर आलं.

आनंदरावांनी ती केली. कुणाला घरी पाठवणं माणुसकीला धरून नव्हतं, म्हणून पहिले सहा जण रुग्ण राहिले आणि उरलेले चोवीस त्यांचे नातेवाईक झाले. नातेवाइकाला औषध द्यायचं नाही. दिलं तर सिस्टरला नोटीस.

त्याच दुपारी मार्गासनीचा गेनू बायकोला टेम्पोत घालून घेऊन आला. ठकुबाईला एकशे चार ताप होता.

"सायेब, दोन दिस पोटात कण न्हाई हिच्या. सलाईन लावा की."

"लावली असती हो," आनंदराव म्हणाले, "पण सहा भरलेत. या आता चार नंबरच्या कोंडिबांच्या मावशी."

"मावशी?" कोंडिबा खाटेवरून म्हणाले. "म्या ऐंशीचा हाय."

"कागदावर वय बघत नाहीत, नातं बघतात. आणि नातेवाइकानं रुग्णाची सेवा करायची असते."

सलाईनचा स्टँड मोडलेला होता. कोंडिबांची बाटली उंच धरायचं काम ठकुबाईकडे आलं. एका हाताने खाट धरून तिने दुसऱ्याने बाटली वर केली. खरं तर इथे हसू यायला हवं. हे लिहिताना मला राग आला.

फौजियालाही आला. तिने छातीवरचा बिल्ला काढला आणि रजेचा अर्ज आनंदरावांपुढे ठेवला.

"सर, आता मी रजेवर. म्हणजे मीपण नातेवाईकच. माझ्या मावशीला सलाईन लावतेय."

आनंदराव डगमगले नाहीत. परिचारिका शून्य, तर रुग्णही शून्य, म्हणून त्यांनी उरलेल्या सहांची नावंही कापली. संध्याकाळी तपासणी पथक आलं. खाटांवर माणसं तीस, ठकुबाई एकतिसावी, रुग्ण एकही नाही. "नियमभंग निरंक, काम आदर्श," असा शेरा मारून पथक चहा पिऊन गेलं.

तिसऱ्या दिवशी ठकुबाईचा ताप उतरला. चौथ्या दिवशी फौजियाला नोटीस आली: रजेवर असताना निरोगी स्त्रीला सलाईन का लावली? नोकरीवरून का काढू नये?

गेनू साक्ष द्यायला धावला.

"तुमची साक्ष चालत नाही," आनंदराव म्हणाले. "कागदावर तुमची बायको आजारीच नव्हती."

"मंग काय मेल्यावर आजारी धरनार व्हता?"

आनंदरावांनी नियमाचं पान उलटलं. साक्षीदार त्रयस्थच हवा होता. तो आजारी नको, आजाऱ्याचा नातेवाईक नको, पण त्याला पहिल्यापासून सगळं ठाऊक हवं. असे या घडीला तुम्हीच आहात. फौजियाच्या खुलाशाखाली साक्षीदाराची जागा रिकामी आहे. करता सही? की आधी आपल्याला तर नोटीस येणार नाही ना, ते बघता?