तीन कॉलेजं आणि एक मावशी

भिंगरीने एकच निबंध थोडा थोडा फिरवून तीन कॉलेजांना पाठवला, आणि पाठवताना तिला लाज वाटणं सोडाच, उलट स्वतःचं कौतुक वाटलं. विषय तिन्हीकडे एकच होता : 'तुमचा समुदाय आणि त्यासाठी तुम्ही काय केलंत'. मग तीनदा डोकं कशाला शिणवायचं? कुठेतरी प्रवेश मिळाल्याशी मतलब, नाहीतर वर्षभर घरी बसावं लागणार होतं. घरात तिला भिंगरी म्हणत ते काही उगाच नाही. तिने एका जागी बसून एखादं काम पुरं केल्याचं आईला आठवत नव्हतं.

निबंधात खालच्या मजल्यावरच्या मावशी होत्या. टेलिफोन ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेल्या, एकट्या, नजर अधू झालेल्या. समाजकार्याच्या कॉलेजसाठी भिंगरीने लिहिलं की ती मावशींना रोज पेपर वाचून दाखवते. शेतकीच्या कॉलेजसाठी पेपर काढून तिथे कुंड्या ठेवल्या. दोघींनी मिळून गच्चीवर बाग फुलवली. पण नर्सिंगवाल्यांना नुसत्या बागेचं काय? म्हणून तिथे मावशी आजारी पडल्या, भिंगरीने त्यांची सेवा केली, आणि अखेर तिचा हात हातात घेऊन मावशींनी प्राण सोडला. हा शेवट वाचताना भिंगरीच्या स्वतःच्याच डोळ्यांत पाणी आलं होतं.

खरं सांगायचं तर तिने मावशींना एकदा विजेचं बिल वाचून दाखवलं होतं. तेही त्यांनी जिन्यात गाठलं म्हणून.

अर्जाच्या शेवटी समुदायातल्या एका व्यक्तीचा फोन नंबर मागितला होता. निबंधाबरोबर मावशींचा नंबरही तिन्हीकडे तसाच गेला. "फोन आलाच तर माझ्याबद्दल दोन शब्द चांगले बोला हं, मावशी," एवढं तिने जिन्यातून धावता धावता सांगून टाकलं होतं.

काही दिवसांनी आई कामावरून आली ती तोंड पाडूनच.

"मावशींचं काही खरं नाही गं. सगळं विसरायला लागलेय म्हणतात. डॉक्टरांची वेळ घेऊन दे म्हणाल्या. जा, जरा बसून ये त्यांच्याजवळ."

भिंगरी खाली गेली. मावशी खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या. मांडीवर फोन होता.

"बरी आलीस. मला एक सांग, तू मला रोज पेपर वाचून दाखवतेस का गं?"

भिंगरी खुर्चीकडे जाता जाता मध्येच थांबली.

"परवा एका कॉलेजातून फोन आला. मी म्हटलं, दाखवते ना, गुणाची पोर आहे. मनात म्हटलं, लिहिलं असेल थोडं वाढवून. पण काल दुसऱ्यांचा फोन. म्हणे, बागेत काय काय लावलंय? मी आपली टोमॅटो म्हणाले." मावशींनी आवाज खाली आणला. "मग काठी टेकत टेकत गच्चीवर जाऊन आले. तिथे काहीसुद्धा नाही. माझ्या थोरल्या बहिणीचं असंच सुरू झालं होतं गं. शेवटी तर ती मला ओळखेना."

भिंगरीला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "मावशी, तसं नाही, म्हणजे ते जे..." तेवढ्यात फोन वाजला. मावशींचा फोन कायम स्पीकरवर असे.

"नर्सिंग कॉलेजमधून बोलतेय," पलीकडून एक बाई म्हणाल्या. "आपल्या इमारतीतल्या एका मुलीचा अर्ज आलाय. तिने ज्यांची शेवटपर्यंत सेवा केली, त्या बाई आपल्या कोण होत्या?"

"कुठल्या बाई?"

"खालच्या मजल्यावरच्या. टेलिफोन ऑपरेटर होत्या, त्या. वारल्या ना?"

मावशींनी फोन हळूच पदरात दाबून धरला आणि भिंगरीकडे वळून अगदी बारीक आवाजात विचारलं,

"भिंगरी, मी गेले का गं?"

भिंगरीने फोन अक्षरशः हिसकावून घेतला. "मॅडम, त्या जिवंत आहेत! मीच मारलं त्यांना!"

"काय?"

"निबंधात!" आणि मग पेपर, कुंड्या, आजारपण, सगळं तिने एका दमात ओकून टाकलं. शेवटी तिला हुंदकाच फुटला.

"हे बघ," बाई म्हणाल्या, "यंदा अर्जांमध्ये बरेच शेजारी गेलेत. फोन उचलणाऱ्या मात्र ह्याच पहिल्या. उद्या दुपारपर्यंत खरं काय ते लिहून पाठव, नाहीतर अर्ज बाद."

भिंगरी मान खाली घालून बोलणी खायला तयार उभी राहिली.

"म्हणजे माझं डोकं ठिकाणावर आहे?" मावशींनी विचारलं.

"हो, मावशी."

"अगं बाई! मग डॉक्टर नको." मावशी हसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. एक कानाखाली बसली असती तर भिंगरीला सोपं गेलं असतं. हसू ओसरल्यावर मावशी म्हणाल्या, "बाग मात्र व्हायला हवी होती गं. फोनवर टोमॅटो सांगताना मला ते दिसायलाच लागले होते."

भिंगरीला कुठे बघावं कळेना. ती तिथेच, मावशींच्या टेबलापाशी, मोबाइलवर लिहायला बसली. "पण खरं लिहायचं तर काय लिहू? मी तुमच्यासाठी काय केलंय?"

मावशींनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. बराच वेळ आठवून पाहिलं. "ते विजेचं बिल..."

"ते एकदाच."

"हो. आणि शेवटची तारीखही चुकीची सांगितलीस."

मग भिंगरीने तेच लिहिलं. आपण आजवर कुणासाठी काहीही केलेलं नाही; आपल्यामुळे एका म्हाताऱ्या बाईला स्वतःच्या डोक्याची भीती वाटली, आणि तशातही ती आपल्या बाजूने बोलली. एकदाही न उठता तिने निबंध पुरा केला आणि मावशींना वाचून दाखवला. वाचताना तिचा आवाज दोनदा चिरकला.

मावशींनी पदराने डोळे पुसले. "मनापासून लिहिलंस. आता एक काम कर. हाच त्या बाकीच्या दोघांनाही पाठवून दे."

भिंगरीचे कान लाल झाले. वाचायला घेण्याआधीच तिने तो तिन्हीकडे पाठवून दिला होता.