दोरीचं दुसरं टोक

आमच्या आचोळ्याच्या सोसायटीत संध्याकाळी बेल वाजली आणि दारात कपडे वाळत घालायची दोरी घेतलेला माणूस दिसला, तर घाबरायचं नाही. ते समोरच्या फ्लॅटमधले राऊत सर. वसईच्या एका शाळेत फिजिक्स शिकवतात. फळ्यावर सूत्र लिहायच्या आधी ते डोळ्यांना दाखवायचं, हा त्यांचा धर्म. "आधी दिसू दे, मग लिहू दे," हे त्यांचं पालुपद.

उद्याचा धडा ते आदल्या संध्याकाळी माझ्यावर करून बघतात. मला वाटायचं, शेजारी म्हणून मान आहे. एकदा विचारलंच, "सर, मीच का?"

"तुम्हाला कळलं की वर्गात कुणालाच कळायचं राहत नाही," सर अगदी मनापासून म्हणाले. स्वयंपाकघरातून बायकोचं हसू ऐकू आलं. तिचं माझ्याबद्दलचं मत लग्नापासून हेच आहे, त्याला विज्ञानाचा आधार त्या दिवशी मिळाला.

तेव्हापासून मी सोसायटीतला अधिकृत ढ. आमच्या हॉलमध्ये सरांनी वाडग्यातलं न दिसणारं नाणं नुसतं पाणी ओतून दिसतं केलं. जडत्व दाखवायला भरल्या कपांखालचा पेपर खेचला. पेपर आला, पाठोपाठ कपही आले. "झटका कमी पडला," माझ्या भिजलेल्या पँटकडे बघत सर म्हणाले, "पण हेही मुलांना दाखवायला हवं."

मग लाटांचा धडा आला. दोरीचं एक टोक सरांच्या हातात, दुसरं माझ्या, मधोमध लाल चिमटा. सरांनी झटका दिला. लाट सळसळत माझ्यापर्यंत आली. चिमटा जागच्या जागी वरखाली झाला.

"काय दिसलं?"

आता, मी दुपारीच मोबाइलवर व्हिडिओ बघून ठेवला होता. माणसाने ढ राहायचं तरी किती? छाती फुगवून म्हणालो, "लाट पुढे जाते, दोरी जागेवरच राहते. ऊर्जा जाते, सर, ऊर्जा!"

वाटलं, पाठ थोपटतील. सरांचा चेहराच उतरला. "एवढ्यात कळलं?" म्हणत त्यांनी दोरी गुंडाळली आणि चहा न घेताच गेले. नंतर कितीतरी दिवस बेल वाजली नाही.

"पाजळलीत ना अक्कल?" बायको म्हणाली. "अहो, राऊत वहिनी होत्या तेव्हा हे सगळं त्यांच्यासमोर चालायचं. दर वेळी म्हणायच्या, नाही कळलं, परत दाखवा. मला सांगायच्या, कळतं गं सगळं, पण कळलं म्हटलं की हे उठून पेपर तपासायला बसतात."

वहिनींना जाऊन वर्ष होत आलं होतं. सर आमच्याकडे यायला लागले ते त्यानंतरच, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. फार वाईट वाटलं. म्हणजे मी खराच ढ होतो.

मी तसाच समोर गेलो. दार उघडं होतं. सरांनी दोरीचं दुसरं टोक खिडकीच्या गजाला बांधलं होतं आणि एकटेच झटके देत होते. मी गजाची गाठ सोडली आणि टोक हातात घेतलं.

"सर, त्या दिवशी मी थापा मारल्या. लाट पुढे गेली, मग चिमटा का नाही गेला? नाही कळलं. परत दाखवा."

सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"हिलाही हे लवकर कळायचं नाही," ते म्हणाले. "ताणून धरा जरा."